हरण्याची सोय

नव्या पद्धतीने जुन्या पद्धतीवर मात केली, असे सांगणारा शोधनिबंध हाती आला की वाचकाने आधी एक साधा प्रश्न विचारावा. या नव्या पद्धतीला हरण्याची सोय ठेवली होती का? कुस्ती खरी होती, की समोरचा गडी आधीच ठरवून आणला होता?

हा प्रश्न मला तीन विषयांच्या वाचनातून सापडला. हे विषय विद्यापीठाच्या एका मजल्यावर कधीच भेटत नाहीत: अपूर्णांक क्रमाची डिफरन्शियल समीकरणे, यंत्रमानवांचे थवे आणि परभाषेचे अध्यापन. यांपैकी कशातही माझ्याकडे पदवी नाही. ग्रंथालयातून आणि पुढे इंटरनेटवरून मिळेल ते वाचत गेलो. बाहेरच्या माणसाला आतले बारकावे उशिरा कळतात, हे खरे. मात्र एक गोष्ट त्याला लवकर दिसते: स्वतःला गुण देण्याची रीत. ती रीत तिन्ही ठिकाणी थक्क व्हावे इतकी सारखी आहे. आनंदाची बाब अशी, की तिचा पंचनामाही तिन्ही ठिकाणी घरच्याच माणसांनी केला आहे.

आठवण असलेले गणित

विकलन म्हणजे बदलाचा वेग मोजणे. ते एकदा करता येते, दोनदा करता येते. मग अर्ध्यांदा केले तर? १६९५ साली लोपितालशी झालेल्या पत्रव्यवहारात लायब्निझने या कोड्याचा विचार केला आणि यातून पुढे कधीतरी उपयोगाचे काही निघेल, असा अंदाजही बांधला. उत्तर निघाले. क्ष या राशीचे अर्ध्या क्रमाचे विकलन म्हणजे क्ष भागिले पाय, त्याच्या वर्गमुळाची दुप्पट. तीच क्रिया पुन्हा एकदा केली की नेहमीचे उत्तर, म्हणजे १, परत येते.

यातली खरी गंमत वेगळीच आहे. नेहमीचे विकलन फक्त त्या क्षणाच्या आसपास पाहते. अपूर्णांक क्रमाच्या विकलनाला सुरुवातीपासूनचा सगळा इतिहास लागतो. म्हणून याला आठवण असलेले गणित म्हणतात. निसर्गाला अशा आठवणीची गरज खरोखर पडते. जाड भिंतीच्या पृष्ठभागावरचे तापमान वेळोवेळी मोजत गेलात, तर आत शिरणारी उष्णता त्या तापमानाच्या अर्ध्या क्रमाच्या विकलनातून मिळते. हे उष्णतेच्या साध्या समीकरणातून आपोआप निघते, कोणी हौसेने घातलेले नसते. आबेलने १८२३ मध्ये घसरणाऱ्या मण्याच्या वाटेचे कोडे सोडवताना हीच वाट धरली. १९६७ मध्ये कापुटोने भूकंपाच्या लाटा पृथ्वीच्या पोटात कशा क्षीण होतात, हे समजून घेण्यासाठी आपली व्याख्या वापरली. आपल्याकडे पुणे विद्यापीठातील वर्षा दफ्तरदार-गेज्जी आणि होसेन जाफरी यांनी २००६ मध्ये मांडलेली पुनरावृत्ती-पद्धतही याच प्रांतात बरीच वापरली जाते. तिचे उत्तर माहीत असलेल्या उत्तराशी ताडून पाहता येते. ती चुकली तर चूक दिसते. हरण्याची सोय म्हणतात ती ही.

मग २०१५ मध्ये कापुटो आणि फाब्रिझिओ यांनी व्याख्येतला इतिहासाला वजन देणारा भाग बदलला. जुन्या व्याख्येत हे वजन अगदी अलीकडच्या क्षणापाशी अनंताकडे धावते. त्याऐवजी त्यांनी तिथेही मर्यादितच राहणारे घातीय वजन घेतले. २०१६ मध्ये अतंगाना आणि बालेआनू यांनी आणखी एक पर्याय दिला. यानंतर निबंधांचा पूर आला. साथीचा रोग, कर्ज, पाणीपुरवठा, प्रेमप्रकरण, जे समीकरण दिसेल त्यात नवे विकलन बसवायचे आणि छापायचे.

२०२० मध्ये डिएथेल्म, गाराप्पा, जुस्ती आणि स्टाइन्स या चौघा गणितज्ञांनी अशी विकलने का वापरू नयेत, हे लिहिले. त्यांचा एक मुद्दा शाळेतल्या मुलालाही समजावा. या नव्या विकलनांची किंमत आरंभाच्या क्षणी शून्यच येते. आता साथीचे समीकरण घ्या. डाव्या बाजूला रुग्णसंख्येचे विकलन. उजव्या बाजूला नवे रुग्ण वजा बरे झालेले. डावी बाजू शून्य, म्हणजे उजवीही शून्य असलीच पाहिजे. याचा अर्थ, पहिल्या दिवशी जितके नवे रुग्ण तितकेच बरे झालेले. वाढत असलेली साथ या समीकरणात सुरूच होऊ शकत नाही! घातीय वजनाच्या बाबतीत तर ती समीकरणे थोड्या खटपटीने साध्या पूर्णांक क्रमाच्या समीकरणांत उतरवता येतात. मग नवे काय उरले? समर्थकांचेही म्हणणे आहे. निसर्गातली प्रत्येक आठवण अनंताकडे धावणारी कशाला हवी, असे ते विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण आरंभाच्या शून्याचे काय, ही अडचण त्याने सुटत नाही.

तरी हे निबंध जिंकत कसे राहिले? विकलनाचा क्रम १ धरला की जुने समीकरण मिळते. क्रम मोकळा सोडला की हाती एक जादा किल्ली येते. ती फिरवून आकड्यांशी जुळवणी केली, तर ती जुन्याइतकी किंवा जुन्याहून चांगलीच येणार. वाईट येणे शक्यच नाही. ‘आमचे प्रारूप वास्तवाशी अधिक जुळते’ या वाक्याचे रहस्य बरेचदा इतकेच असते. खरी परीक्षा द्यायची तर अर्धे आकडे झाकून ठेवावेत, उरलेल्यांवर किल्ली बसवावी आणि मग झाकलेल्यांचे भाकीत करून दाखवावे.

लांडगे, वटवाघळे आणि खरे यंत्रमानव

थव्याच्या विद्येची सुरुवात सुंदर होती. क्रेग रेनॉल्ड्सने १९८७ मध्ये पडद्यावरचे पक्षी तीन नियमांवर उडवले: शेजाऱ्याला धडकू नका, त्याच्या दिशेने वळा, त्यांच्यापासून दूर पडू नका. नायक कोणी नाही, तरी थवा तयार. मार्को दोरिगोने १९९२ च्या प्रबंधात मुंग्यांच्या गंधमार्गावरून जवळचा रस्ता शोधण्याची रीत बांधली. १९९५ मध्ये केनेडी आणि एबरहार्ट यांनी थव्याच्या चालीवरून उत्तम उत्तर शोधण्याची ‘कणांचा थवा’ ही पद्धत दिली.

मग प्राणिसंग्रहालय उघडले. काजवे, वटवाघळे, कोकिळा, लांडगे, देवमासे, सगळ्यांच्या नावाने पद्धती निघाल्या. २०१५ मध्ये केनेथ सोरेन्सेनने या रूपकांच्या बाजारावर खरमरीत निबंध लिहिला. त्याआधी २०१० मध्ये डेनिस वेलँडने दाखवले होते, की संगीताच्या सुरावटीवरून बेतलेली म्हणून गाजलेली पद्धत ही आधीच्याच उत्क्रांती-पद्धतींचा एक विशेष प्रकार आहे. २०२० मध्ये कामाचो-बियालोन, स्ट्यूट्झले आणि खुद्द दोरिगो यांनी लांडगा, काजवा आणि वटवाघूळ या तिन्हींची कातडी सोलून पाहिली. आत कणांचा थवाच निघाला.

परीक्षेची तऱ्हा इथेही तीच. या पद्धती ज्या नमुना-प्रश्नांवर तपासल्या जात, त्यांतल्या अनेकांचे उत्तर शून्यावर, म्हणजे क्षेत्राच्या बरोबर मधोमध होते. काही पद्धतींचा कल मुळातच मध्याकडे. उत्तर जिथे ठेवले आहे, तिकडेच झुकणारा शोधक जिंकणारच! याकूब कुदेला यांनी २०२२ मध्ये हा दोष उघड केला. उत्तर मध्यापासून थोडे बाजूला सरकवले, की यांतल्या अनेकांचा तोरा उतरतो.

याच्या शेजारी खऱ्या यंत्रमानवांचा थवा ठेवून पाहा. २०१४ मध्ये हार्वर्डच्या रुबेन्स्टाइन, कॉर्नेहो आणि राधिका नागपाल यांनी १,०२४ छोटे यंत्रमानव एकत्र आणले. प्रत्येक साधारण तीन सेंटिमीटरचा, थरथरत्या पायांवर सरकणारा, अवरक्त किरणांनी फक्त जवळच्यांशी बोलणारा. त्यांनी मिळून तारा, इंग्रजी के अशा आकृत्या केल्या. एका आकृतीला सुमारे बारा तास लागत. कुणी अडकते, कुणी हळू पडते, कुणाचा अंदाज चुकतो. म्हणून आज्ञावलीतच अशा चुका एकमेकांच्या मदतीने ओळखण्याची तरतूद करावी लागली. टेबलावर आकृती जमली नसती, तर ती जमली असे लिहिता आले नसते. लाकडी टेबल रूपकाला भुलत नाही.

वर्गात कोण जिंकते?

भाषा शिकवण्याच्या प्रांतात टेबलाच्या जागी मुले असतात, म्हणून परीक्षा आणखी अवघड होते. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी दक्षिण भारतातल्या शाळांमध्ये बंगळुरू प्रकल्प चालवला. इंग्रजीचे व्याकरण समोर मांडून शिकवायचे नाही. वेळापत्रक, नकाशा यांवरची कोडी इंग्रजीतून सोडवायला द्यायची. मन अर्थात गुंतले, की व्याकरण मागून येईल, ही त्यांची धारणा.

१९८५ मध्ये बेरेटा आणि डेव्हिस यांनी त्याचे मूल्यमापन केले. चाचणी कोणाच्या बाजूची आहे, हा प्रश्न त्यांनी आधी विचारला. म्हणून व्याकरणाच्या वर्गाला सोयीची एक, कोड्यांच्या वर्गाला सोयीची एक आणि दोघांनाही परकी अशा काही, असा संच त्यांनी केला. साधारण चित्र असे आले, की ज्याचा घाट त्याच्या बाजूला कौल. तटस्थ चाचण्यांत मात्र प्रकल्पाचे वर्ग बहुतांशी पुढे. मूल्यमापन करणाऱ्यांनी तरीही विजयाचा डंका पिटला नाही. मुले चिठ्ठ्या टाकून वाटलेली नव्हती आणि प्रकल्पाचे शिक्षक अधिक उत्साही असू शकत होते, याची त्यांना जाण होती. प्रभूंनी स्वतः १९९० मध्ये सर्वोत्तम पद्धत अशी नसतेच, असे प्रतिपादन करणारा निबंध लिहिला. शिक्षकाला आपण करतो ते पटलेले आणि उमगलेले आहे का, हे पद्धतीच्या नावापेक्षा मोठे, असे त्यांनी मांडले. स्वतःच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीबद्दल इतके अलिप्त राहणे दुर्मीळ आहे.

याच्या उलट बाजूला ‘दृश्य मूल, श्राव्य मूल’ ही शिक्षक-प्रशिक्षणात आजही ऐकू येणारी विभागणी आहे. २००८ मध्ये पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी ती सिद्ध व्हायची तर कसला पुरावा लागेल, हे आधी ठरवले. दृश्य मुलांना चित्रांनी अधिक आले पाहिजे आणि त्याच प्रयोगात श्राव्य मुलांना ऐकून अधिक आले पाहिजे. ही अट लावून पाहिले, तेव्हा पुरेसा पुरावा सापडला नाही. मुलांना आवड असते हे त्यांनी नाकारले नाही. आवडीप्रमाणे शिकवल्याने जास्त येते, हा दावा टिकला नाही.

मोजपट्टी कोणाच्या हातात

आठवण, थवा, कृती हे तिन्ही शब्द मोहक आहेत आणि तिन्हींच्या मुळाशी अस्सल काम आहे. म्हणून सरसकट ‘सगळे कागदी’ म्हणून हात झटकणे हा आळस ठरेल. कापुटोचे काम आणि त्याच्या नावावर पिकलेले पीक यांत फरक करता आला पाहिजे. तो करण्यासाठी समीकरण सोडवता यावे लागत नाही. परीक्षा कोणी काढली, उत्तर आधी कुठे ठेवले होते, जादा किल्ली कोणाच्या हाती होती, एवढे विचारले तरी बरेच काही कळते.

आपल्याकडे हे विचारणे आता अधिक निकडीचे झाले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमांत पीएच.डी.पूर्वी निबंध छापण्याची सक्ती काढली आणि नियतकालिकांची केअर यादी २०२५ मध्ये बंद केली. यादी होती तेव्हा पारख तिच्यावर सोपवून मोकळे होता येत असे. आता ती महाविद्यालयांनी आणि मार्गदर्शकांनी स्वतः करायची आहे. तालुक्याच्या गावातला एखादा हुशार विद्यार्थी विषय मागायला येतो, तेव्हा त्याला आयुष्याची चार-पाच वर्षे कशात घालायला सांगायची, हा प्रश्न यादीच्या क्रमांकाने कधीच सुटत नव्हता. जुन्या समीकरणात नवे विकलन बसव, असे सांगितले तर त्याचे निबंध होतील. हे भाकीत खोटे ठरू शकेल अशी चाचणी आधी लिही आणि मग कामाला लाग, असे सांगितले तर निबंध कदाचित कमी होतील. पण हरला, तरी त्याला काहीतरी कळलेले असेल. जिंकला, तर ते जिंकणे त्याचे स्वतःचे असेल.