बैलगाडा, लग्न आणि मतदाराचा प्रश्न

तळेगाव ढमढेऱ्यात समलिंगी विवाहावर बोलायचे ठरवले, तेव्हा आम्हाला पहिला सल्ला मिळाला तो असा: "हा पुण्या-मुंबईचा विषय आहे, इथे कांद्यावर बोला." कांद्यावर बोलायला आमची ना नाही. पण हा सल्ला नीट ऐका. एप्रिल 2023 मध्ये केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात जे लेखी म्हणणे दिले, त्यातही हेच होते: समलिंगी विवाहाची मागणी म्हणजे शहरी अभिजनांचे मत. म्हणजे दिल्लीचे सरकार आणि आपल्या पारावरचा माणूस, दोघे एकच वाक्य बोलतात. दोघांचे एवढे जुळले की आपण जरा सावध व्हावे.

आजचे भाषण हे टीका आहे. कोणावर? 2024 च्या जाहीरनाम्यांवर, आपल्या उमेदवारांवर, आणि शेवटी मतदार म्हणून आपल्यावरही.

आधी प्रकरण काय ते थोडक्यात बघू. 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने कलम 377 चा तो भाग काढून टाकला, ज्याने दोन सज्ञान माणसांचे राजीखुशीचे समलिंगी संबंध गुन्हा ठरत होते. गुन्हा गेला, पण नाते कागदावर आले नाही. मग विशेष विवाह कायदा, 1954 यात आम्हालाही बसवा, अशा याचिका झाल्या. एप्रिल-मे 2023 मध्ये पाच न्यायमूर्तींसमोर दहा दिवस सुनावणी चालली. 17 ऑक्टोबर 2023 ला निकाल आला. विवाह हा मूलभूत हक्क नाही, यावर पाचही जणांचे एकमत. विवाहाखेरीज दुसरी काही कायदेशीर मान्यता द्यावी का, यावर तीन विरुद्ध दोन, आणि बहुमत नको म्हणणाऱ्यांचे. सार एवढेच की कायदा करणे हे संसदेचे काम आहे, तिकडे जा. जानेवारी 2025 मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या.

आता संसदेकडे जा म्हणजे कोणाकडे जा? संसद आकाशातून पडत नाही. ती आपण पाठवतो. म्हणून निकाल लागला त्या दिवशी हा प्रश्न वकिलांच्या हातून मतदाराच्या हातात आला. आणि मतदाराने तो हातात घेतला का, हे बघायला निवडणूकही लगेच सात महिन्यांत आली.

आता बैलगाड्याकडे वळू. हसू नका, मुद्द्याचे आहे. मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली. आपल्या शिरूर, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यात केवढा गहजब झाला ते तुम्हीच पाहिलेय. घाट बंद, यात्रा सुन्या. मग काय झाले? 2017 ला विधिमंडळाने कायदा बदलला. तो परत कोर्टात अडकला. डिसेंबर 2021 ला शर्यतींना परवानगी मिळाली. आणि 18 मे 2023 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो कायदा उचलून धरला. तारीख लक्षात घ्या. समलिंगी विवाहाची सुनावणी त्याच महिन्यात, 11 मे ला संपली होती. एकाच न्यायालयात, एका आठवड्याच्या अंतराने.

बैलगाड्याला कायदा कोणी मिळवून दिला? तुम्ही. लोकसभेला, विधानसभेला जो दारात आला त्याला विचारलेत, "शर्यतीचं काय?" सगळ्या पक्षांना उत्तर द्यावे लागले. कोर्टाने नाही म्हटले तरी कायदेमंडळ हलते, हे या मतदारसंघाला कोणी शिकवायची गरज नाही. शर्यत चांगली की वाईट हा आजचा विषय नाही. विषय हा की मतदाराने विचारले की उमेदवाराला उत्तर शोधावे लागते.

आता 2024 चे जाहीरनामे उघडू. काँग्रेसच्या जाहीरनाम्यात एक वाक्य आहे. त्याचा आशय असा की व्यापक विचारविनिमयानंतर समलिंगी जोडप्यांच्या नागरी सहजीवनाला मान्यता देणारा कायदा आणू. मोठ्या राष्ट्रीय पक्षाने एवढे लिहिले हे मानायलाच हवे. पण वाक्य परत वाचा. 'व्यापक विचारविनिमयानंतर'. कोणाशी? किती दिवस? शेतकऱ्याला कोणी सांगितले की व्यापक विचारविनिमयानंतर हमीभाव देऊ, तर तो काय समजेल? तेच आम्ही समजलो. शिवाय 'विवाह' हा शब्द टाळला आहे. कायद्याच्या दृष्टीने नागरी सहजीवन ही वेगळी, बहुधा खालची पायरी असते. ती मधली पायरी म्हणून कोणी मांडली तर आमची हरकत नाही. पण ती मधली आहे की शेवटची, हे जाहीरनामा सांगत नाही. आणि हे वाक्य आपल्या भागातल्या सभांमध्ये कोणी मोठ्याने वाचून दाखवल्याचे आम्ही तरी ऐकले नाही.

भाजपच्या संकल्पपत्रात तृतीयपंथी व्यक्तींसाठी निवारागृहे आणि आयुष्मान भारतचा लाभ आहे. चांगली गोष्ट, नाकारायचे कारण नाही. पण समलिंगी जोडप्यांच्या लग्नावर तिथे शांतता आहे. सरकार म्हणून न्यायालयात ठाम विरोध केला, तर पक्ष म्हणून मतदाराला तो विरोध स्पष्ट सांगायला हवा होता. विरोध करायचा हक्क आहेच. पण कोर्टात एक बोलायचे आणि सभेत काहीच बोलायचे नाही, हे बरोबर नाही.

आता भीमेच्या पलीकडे जाऊ. नदीच्या अलीकडे आपण शिरूर लोकसभेत, पलीकडचे दौंडकर बारामती लोकसभेत. 1 एप्रिल 2022 ला बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत खासगी विधेयक मांडले: विशेष विवाह कायद्यात बदल करून समलिंगी जोडप्यांना लग्न करता यावे. राहू-पारगावच्या मतदाराने निवडलेल्या खासदाराने हे विधेयक आणले, हे राहू-पारगावात किती जणांना माहीत आहे? मग तो शहरी अभिजनांचा विषय कसा राहिला? विधेयक पुढे सरकले नाही. खासगी विधेयके स्वातंत्र्यानंतर अवघी 14 मंजूर झालीत, शेवटचे 1970 ला. लोकसभा विसर्जित झाली आणि हेही विरले.

पण आम्हाला रस आहे तो पुढच्या गोष्टीत. 2024 ला बारामतीची लढत देशभर गाजली. पक्ष फुटला, चिन्ह गेले, घरातच लढत झाली. या सगळ्या गदारोळात त्या विधेयकाचे नाव कोणी काढले? विरोधकांनी 'बघा यांनी काय आणलं' म्हणून काढले नाही, आणि समर्थकांनी 'बघा आम्ही काय आणलं' म्हणूनही नाही. सुळे दीड लाखांहून जास्त मतांनी निवडून आल्या. विधेयकामुळे त्या पडल्या नाहीत, एवढे तरी खरे. म्हणजे 'हा विषय काढला की ग्रामीण मते जातात' ही जी भीती सगळे नेते सांगतात, तिला निदान इथे तरी पुरावा मिळत नाही. आमची टीका अशी: ज्यांनी धाडस केले त्यांनी ते दिल्लीतच ठेवले, मतदारसंघात आणले नाही.

आता कोणी म्हणेल, लग्नाचे कायदे कधी निवडणुकीत येतात का हो? येतात. हिंदू कोड बिल रखडले म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सप्टेंबर 1951 मध्ये मंत्रिपद सोडले. लगेच पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. नेहरूंच्या विरोधात प्रभुदत्त ब्रह्मचारी उभे राहिले, ते मुख्यतः हिंदू कोडाला विरोध म्हणूनच. नेहरू निवडून आले आणि 1955 ला हिंदू विवाह कायदा झाला. आज आपल्या लेकीला घटस्फोटाचा हक्क आहे, नवऱ्याला दुसरी बायको करता येत नाही, ते त्यामुळे. आणि त्याच्याही आधी, आपल्याच जुन्नर तालुक्यात ओतूरला सत्यशोधकांनी भटजीशिवाय लग्न लावले, तेव्हा ग्रामजोशी कोर्टात गेले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि निकाल लग्न लावणाऱ्यांच्या बाजूने लागला. 'असलं लग्न आपल्यात नसतं' हे वाक्य या मातीत जुने आहे, आणि ते मोडणारी माणसेही इथलीच आहेत.

एक खरी अडचण मात्र लपवून चालणार नाही. थोड्यांचे हक्क बहुसंख्यांच्या मतावर टाकायचे का? 2004 ला अमेरिकेत 11 राज्यांनी मतदान करून समलिंगी विवाह नाकारला. तैवानमध्ये 2018 ला जनमत विरोधात गेले, तरी न्यायालयाच्या आधीच्या निकालामुळे 2019 ला कायदा झाला. उलट आयर्लंडमध्ये 2015 ला 62 टक्के लोकांनी होकार दिला. परदेशात गेलेली पोरे विमानाने मतदानाला घरी आली. ग्रामपंचायतीच्या मतदानाला पुण्या-मुंबईहून गाड्या भरून येतात ना, तसे. पण त्यामागे घराघरांत झालेली बोलणी होती. आमचे मत असे की माणसाच्या किमतीवर मतदान घेऊ नये. मात्र उमेदवाराची भूमिका विचारणे हे सार्वमत नव्हे, तो मतदाराचा साधा हक्क आहे.

आणि गाव बदलत नाही असे म्हणू नका. 2017 ला माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावाने ज्ञानेश्वर कांबळे या तृतीयपंथी उमेदवाराला थेट सरपंच केले. मे 2022 मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारला परिपत्रक काढावे लागले. ठराव खालून वर गेला.

आता कोणाचे काय अडलेय ते बघा. समजा, रांजणगावच्या कंपनीत कामाला असलेल्या दोन मुली शिक्रापुरात खोली करून दहा वर्षे एकत्र राहतात. एकीने गावाकडे गुंठाभर जागा घेतली. उद्या ती मृत्युपत्र न करता गेली, तर वारस नोंदीत दुसरीचे नाव लागणार नाही. तलाठ्याचा दोष नाही, कायद्यात ती तिची कोणीच नाही. दवाखान्यात सही करायला दहा वर्षे न बोललेला भाऊ चालतो, ती चालेल की नाही हे दवाखान्यावर अवलंबून. 2024 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये केंद्राने सांगितले की अशा जोडीदारांना रेशन कार्डासाठी एका घरातले धरावे, बँकेत संयुक्त खाते आणि नामनिर्देशन करता यावे, जवळचे नातेवाईक नसतील तर मृतदेह जोडीदाराला मिळावा. चांगले आहे. पण या सूचना आहेत. सूचना बदलायला संसद लागत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी लोकसभेचा उमेदवार बाजारपेठेतून हात जोडत येईल, तेव्हा कांद्याचे विचारा, घोडगंगेचे विचारा, बिबट्याचे विचारा. आणि त्यातच तीन प्रश्न घाला. एक, विशेष विवाह कायदा बदलायला तुमचा होकार आहे की नकार? दोन, लग्न नको म्हणत असाल तर वारसा, दवाखाना आणि विमा यांचे काय करणार? तीन, जे इथे बोलताय ते लोकसभेत बोलाल का?

तो 'नकार' म्हणाला तरी चालेल. निदान त्याने आपल्यासमोर म्हटले असेल. आजवर हो म्हणणाऱ्यांनाही आणि नाही म्हणणाऱ्यांनाही आपण विचारलेलेच नाही, आणि याबाबत आमचा दोष उमेदवारांपेक्षा कमी नाही. याआधी या विषयावर इथे येऊन बोलायला आम्हालाही कोणी अडवले नव्हते.

बोलणे इथे थांबवतो. आता तुम्ही विचारा. आमच्याशी भांडायचे असेल तर तेही करा, वेळ ठेवलाय.