‘सीटबेल्ट पुरतो’ : एका गाजलेल्या पेपरची उलटतपासणी

दोन वर्षांपुढच्या मुलांसाठी कार-सीट घ्या नाहीतर साधा सीटबेल्ट लावा, जीव वाचण्याच्या बाबतीत फरक पडत नाही. हा दावा तुम्ही एखाद्या पॉडकास्टमध्ये किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर ऐकला असेल. त्याच्यामागे खरोखरचा पेपर आहे, आणि तो हलक्या माणसाचा नाही. शिकागो विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेविट यांनी २००५ मध्ये तो वर्किंग पेपर म्हणून आणला. त्याच वर्षी न्यूयॉर्क टाइम्सच्या मासिकात स्टीफन डब्नर यांच्यासोबत त्यावर स्तंभ लिहिला. २००८ मध्ये ‘रिव्ह्यू ऑफ इकॉनॉमिक्स अँड स्टॅटिस्टिक्स’मध्ये पेपर छापून आला आणि २००९ च्या ‘सुपरफ्रीकॉनॉमिक्स’मधून तो घराघरात पोचला.

रिसर्चची तयारी करणाऱ्यांनी हा पेपर एकदा तरी वाचावा असं मला वाटतं. तो चूक आहे म्हणून नव्हे. त्यात एक काम फार हुशारीनं केलंय आणि त्या हुशारीची किंमत कुठे मोजावी लागली तेही दिसतं. त्याला उत्तर देणाऱ्या पेपरमध्येही अशीच एक जागा आहे. दोन्ही शेजारी ठेवून वाचले तर एका सेमिस्टरच्या मेथडॉलॉजीच्या कोर्सइतकं शिकायला मिळतं.

आधी डेटा. अमेरिकेत ‘फार्स’ नावाची नोंदपद्धत १९७५ पासून चालू आहे. सार्वजनिक रस्त्यावर मोटारीचा अपघात झाला आणि त्यात कुणी ३० दिवसांच्या आत दगावलं, तर तो अपघात फार्समध्ये जातो. कोण कुठे बसलं होतं, वय काय, पट्टा होता का, मूल कार-सीटमध्ये होतं का, सगळं त्यात असतं. संशोधकाला स्वप्नात दिसावा असा डेटा. फक्त एक अट लक्षात ठेवायची : कुणीतरी मेल्याशिवाय अपघात या फाइलमध्ये येतच नाही.

ही अट काय करते ते कागदावर करून बघा. आकडे मी मनाने घेतलेत. सीटबेल्ट लावलेल्या मुलांचे १,००० अपघात धरा, त्यात २० मुलं दगावली. कार-सीटमधल्या मुलांचे तसेच १,००० अपघात, त्यात १० मुलं दगावली. म्हणजे कार-सीटमुळे धोका निम्म्यावर आला. आता दोन्ही गटांत आणखी ३०-३० अपघात असे की मूल वाचलं पण दुसरं कुणीतरी गेलं. फार्समध्ये बेल्टवाल्या मुलांचे ५० अपघात जातील आणि त्यांतले २० मुलांच्या मृत्यूचे, म्हणजे ४० टक्के. कार-सीटवाल्यांचे जातील ४०, त्यांतले १० मुलांच्या मृत्यूचे, म्हणजे २५ टक्के. प्रत्यक्षातला ५० टक्क्यांचा फायदा फाइलमध्ये साडेसदतीस टक्के दिसतो. कार-सीटनं वाचवलेली जी मुलं होती, त्यांचे अपघातच यादीतून गायब झाले! सिलेक्शन बायस हा शब्द आपण सगळेच परीक्षेत लिहितो, पण तो डेटात असा दिसतो.

लेविट यांना हे ठाऊक नव्हतं असं अजिबात नाही. उलट याच दुखण्यावर त्यांनी जॅक पोर्टर यांच्यासोबत २००१ मध्ये पेपर लिहिला होता. उपाय असा : दोन गाड्यांची टक्कर घ्या, आणि समोरच्या गाडीतलं कुणी दगावलंय असेच अपघात निवडा. आता तो अपघात यादीत आला तो समोरच्या गाडीतल्या मृत्यूमुळे. आपल्या गाडीतलं मूल वाचलं की गेलं यावर त्याचं यादीत असणं अवलंबून नाही. गाठ सुटली. या पद्धतीनं मोजल्यावर मोठ्यांचे सीटबेल्ट आधी समजत होतं त्याहून जास्त उपयोगी निघाले आणि एअरबॅग कमी. मुलांच्या पेपरमध्ये त्यांनी हाच उपाय वापरला, आणि दोन ते सहा वर्षांच्या मुलांमध्ये कार-सीट आणि खांद्यावरून जाणारा सीटबेल्ट यांच्यात मृत्यूच्या बाबतीत म्हणण्यासारखा फरक सापडला नाही.

उपाय सुंदर आहे, पण फुकट नाही. समोरच्या गाडीत माणूस मरावा इतकी टक्कर जोरात हवी. म्हणजे उरले ते फार भीषण अपघात. शिवाय दोन गाड्यांच्या टकरीत ज्या गाडीतलं माणूस मरतं ती बऱ्याचदा हलकी असते, त्यामुळे मूल ज्या गाडीत होतं ती जड असण्याची शक्यता वाढते. एकटी गाडी उलटली, झाडावर आदळली, असे अपघात तर बाहेरच पडले. पेपरचं उत्तर या उरलेल्या अपघातांबद्दल बरोबर असू शकतं. मधल्या तीव्रतेच्या टकरीत, जिथे साधनामुळे निकाल फिरण्याची शक्यता कदाचित सर्वांत जास्त, तिथे तेच उत्तर लागू आहे का, हा प्रश्न शिल्लक राहतो. एक बायस काढताना प्रश्नच थोडा बदलला. असं आपल्यापैकी अनेकांच्या कामात होतं आणि ‘लिमिटेशन्स’च्या परिच्छेदात एका ओळीत गुंडाळलं जातं.

आता दुसरी बाजू. मायकल एलियट आणि फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयातल्या संशोधकांचा पेपर २००६ मध्ये आला. वयोगट तोच, दोन ते सहा. त्यांनी सिलेक्शनचा प्रश्न वेगळ्या वाटेनं सोडवला. मृत्यू फार्समधून घेतले आणि वाचलेली मुलं दुसऱ्या सरकारी नमुना-पाहणीतून, जिच्यात गाडी टो करून न्यावी लागली असे अपघात असतात. म्हणजे छेदात वाचलेलेही आले. निकाल : सीटबेल्टच्या तुलनेत कार-सीटमध्ये मृत्यूचा धोका २८ टक्क्यांनी कमी. रिलेटिव्ह रिस्क ०.७२, कॉन्फिडन्स इंटरव्हल ०.५४ ते ०.९७.

इथे अनेक जण पेपर मिटतात. ‘बघा, लेविट चुकले.’ पण अ‍ॅब्स्ट्रॅक्टचं पुढचं वाक्य वाचा. हे २८ टक्के गंभीर गैरवापर वगळून आलेले आहेत. सीट गाडीला बांधलेलीच नव्हती, सीटचे पट्टे मुलाला लावलेच नव्हते, असली प्रकरणं काढून टाकली आहेत. ती परत घातली की फायदा २१ टक्क्यांवर येतो आणि इंटरव्हल होतं ०.५९ ते १.०५. म्हणजे १ ओलांडलं.

मग खरा आकडा कुठला? दोन्ही, कारण प्रश्न दोन आहेत. ‘ही वस्तू नीट वापरली तर किती वाचवते?’ याचं उत्तर पहिला आकडा. ‘लोकांच्या हातात दिली तर किती वाचवते?’ याचं दुसरा. औषधांच्या चाचण्यांमध्ये दुसऱ्या प्रश्नाला इंटेन्शन टू ट्रीट म्हणतात आणि तिथे गोळी विसरलेले रुग्ण वगळले की रिव्ह्यूअर अंगावर येतो. कार-सीटमध्ये हा फरक क्षुल्लक नाही. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या २०११ च्या पाहणीत ४६ टक्के सीटच्या वापरात काही ना काही चूक सापडली होती. प्रत्येक चूक जीवघेणी नसते, पण बांधायला अवघड असणं हा त्या वस्तूचाच गुण आहे, तो आईबापांच्या खात्यावर टाकून मोकळं होता येत नाही. इथे मला लेविट यांचा वैताग पटतो.

एक मात्र खटकतं, आणि ते सहसा कुणी बोलत नाही. ‘पट्टा लावला होता’ हे फार्समध्ये लिहितं कोण? मुळात पोलिसांचा अहवाल. जो दगावला त्याचा पट्टा होता की नाही हे बघता येतं. जो बाहेर येऊन उभा आहे, त्याला विचारलं जातं. पट्टा न लावणं हा दंडाचा गुन्हा असेल तर वाचलेला माणूस काय सांगेल? बिनपट्ट्याचे वाचलेले लोक पट्टेवाल्यांच्या रकान्यात गेले की पट्टा आहे त्याहून चांगला दिसतो. बूस्टरचा घोळ आणखी वेगळा. बूस्टर म्हणजे मुलाला उंच करणारी बैठक, पट्टा गाडीचाच. नोंद करणाऱ्यानं ते बेल्टमध्ये टाकायचं की कार-सीटमध्ये? मोठा नमुना घेतला म्हणून असली चूक कमी होत नाही. ती फक्त जास्त ठाम दिसते.

मला सर्वांत कमकुवत वाटतो तो भाग पेपरमधला नाही, पुस्तकातला आहे. तिथे लेखकांनी पदरचे पैसे घालून प्रयोगशाळेत क्रॅश टेस्ट करवली. तीन आणि सहा वर्षांच्या मुलांच्या मापाचे डमी, एकदा कार-सीटमध्ये, एकदा सीटबेल्टमध्ये. डोक्याला आणि छातीला बसलेल्या धक्क्याचे आकडे दोन्हीकडे जवळपास सारखे. वाचायला झकास. पण लहान मुलाला मोठ्यांच्या पट्ट्याचा धोका मुळात कुठे असतो? पोटाला. मोठ्या माणसाच्या कमरेला पुढून दोन्ही बाजूंना हाडाचे कंगोरे असतात, पट्टा त्यांना अडकून राहतो. मुलाचे ते कंगोरे पुरते तयार झालेले नसतात. शिवाय पाय लहान, गुडघे सीटच्या कडेपर्यंत पोचत नाहीत, म्हणून मूल पुढे घसरून पोक काढून बसतं आणि पट्टा हाडावरून सरकून मऊ पोटावर येतो. धक्का बसला की आतडी आणि कमरेचा मणका त्याच्या तावडीत. गॅरेट आणि ब्रॉनस्टाइन यांनी १९६२ मध्येच या इजांना सीटबेल्ट सिंड्रोम हे नाव दिलं होतं. या मापाचे नेहमीचे डमी पोटातली इजा मोजण्यासाठी बनवलेले नव्हते. जिथे दुखणार तिथे मोजपट्टीच नाही आणि बाकी ठिकाणी ‘फरक नाही’! बूस्टर हे याच घसरण्यावरचं साधं यांत्रिक उत्तर आहे, म्हणून अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ मूल साधारण १४५ सेंटीमीटर उंच होईपर्यंत तो वापरायला सांगतात.

इजांचा डेटा बघितला की चित्र बदलतं. २००३ मध्ये डर्बिन, एलियट आणि विन्स्टन यांनी विमा कंपनीच्या दाव्यांवरून चार ते सात वर्षांच्या मुलांचा अभ्यास केला. बूस्टरमध्ये इजा होण्याची शक्यता ५९ टक्के कमी निघाली. त्याच प्रकल्पाच्या २००९ च्या पेपरमध्ये, चार ते आठ वयोगटात, हा आकडा ४५ टक्क्यांवर आला. इथे माहिती पालकांनी फोनवर दिलेली आणि पैसा विमा कंपनीचा, तेव्हा हेही डोळे उघडे ठेवूनच वाचायचं. आणि स्वतः लेविट यांनी जोसेफ डॉयल यांच्यासोबत २०१० मध्ये इजा मोजल्या, तेव्हा गंभीर इजांत फारसा फरक नाही, पण किरकोळ इजांत कार-सीट सरस, असंच दिसलं. लोकांपर्यंत मात्र २००५ चंच वाक्य पोचलं.

आता आपल्याकडे. लेविट यांचा दावा भारतात सांगितला जातो तेव्हा त्यातले दोन शब्द गळून पडतात. पहिला, ‘दोन वर्षांपुढच्या’. तो पेपरच्या शीर्षकातच आहे. तान्ह्या मुलाचं डोकं जड आणि मान कच्ची असते, म्हणून त्याला मागे तोंड करून बसवायची सीट लागते, आणि त्याबद्दल लेविट यांनी काहीही वेगळं म्हटलेलं नाही. दुसरा शब्द, ‘सीटबेल्टच्या तुलनेत’. बिनपट्ट्याच्या मुलापेक्षा पट्टा आणि कार-सीट दोन्ही कितीतरी बरे, हा त्याच पेपरचा निकाल आहे. आपल्या रस्त्यावर कार-सीटला पर्याय म्हणून काय दिसतं? पुढच्या सीटवर, मांडीवर, किंवा दोन सीटच्या मधे उभं राहून समोर बघणारं मूल. ताशी ४८ किलोमीटरनं आदळलेली गाडी ६० सेंटीमीटरमध्ये थांबली असं धरा. १० किलोच्या मुलाला हातात धरून ठेवायला साधारण १५० किलो वजन पेलण्याइतकं बळ लागेल. कुठल्याच आईच्या हातात ते नसतं.

गंमत म्हणजे आपला कायदा नकळत लेविट यांच्याच बाजूचा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याचं कलम १९४ ब म्हणतं, १४ वर्षांखालच्या मुलाला सीटबेल्ट ‘किंवा’ मुलांसाठीचं साधन लावलेलं नसेल तर चालकाला हजार रुपये दंड. वयानुसार कुठलं साधन, याबद्दल ते कलम गप्प. सहा महिन्यांच्या बाळाला मोठ्यांचा पट्टा कसा लावायचा हे मला तरी कळलेलं नाही. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री यांच्या गाडीचा अपघात झाला, मागे बसलेले दोघे गेले, पुढचे दोघे वाचले. त्यानंतर मागच्या सीटच्या पट्ट्यावर पुष्कळ चर्चा झाली. मुलांचा मुद्दा तिच्यात फारसा आला नाही.

आणि आपल्याकडचा आकडा? रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये पट्टा न लावलेले १६,७१५ जण दगावले : ८,३८४ चालक, ८,३३१ प्रवासी. बातम्यांमध्ये हे ‘पट्टा न लावल्यामुळे’ असं छापून येतं. त्या ‘मुळे’वर थांबा. यांतले कितीजण पट्टा असता तरी गेले असते, पट्टा लावून कितीजण गेले, मुळात पट्टा लावून फिरणारे किती, यातलं काहीच या संख्येतून कळत नाही. हा नुसता अंश आहे, छेद नाही. म्हणजे आपण अजून फार्सच्याही अलीकडे उभे आहोत.

छेद मोजायला क्रॅश लॅब लागत नाही. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला विषय शोधत असाल तर एखाद्या टोलनाक्यावर किंवा शाळेच्या फाटकापाशी परवानगी काढून उभं राहता येईल : गाडीत मूल कुठे बसलंय, मांडीवर की सीटवर, पट्टा खांद्यावरून जातोय की काखेखालून, चालकानं स्वतः लावलाय का. दोघांनी वेगवेगळी नोंद करा, म्हणजे तुमच्या नोंदी एकमेकांशी किती जुळतात तेही कळेल. पोलिसांच्या रकान्याबद्दल वर जी शंका घेतली, ती स्वतःच्या तक्त्यावरही घ्यावी लागते.