पाणीचोरांचे संघटन : ‘भावेश जोशी सुपरहीरो’विषयी काही विचार

अतिमानवी नायकांच्या चित्रपटांत नायकाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, कल्पकता खर्ची पडते ती त्याच्या विरोधात उभ्या असलेल्या गुन्हेगारी संघटनेवर. नायकाचे सामर्थ्य बहुधा ठरीव असते. संघटना मात्र प्रत्येक वेळी नव्याने कल्पावी लागते. अमेरिकेतील मार्व्हल चित्रमालिकेतील ‘टेन रिंग्ज’ ही टोळी ह्या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. २००८ च्या ‘आयर्न मॅन’मध्ये ती अफगाणिस्तानातील गुहांतून वावरते. २०१३ च्या तिसऱ्या भागात तिचा म्होरक्या म्हणून मिरवणारा इसम भाड्याने आणलेला नट निघतो. २०२१ च्या ‘शांग-ची’मध्ये तीच संघटना हजार वर्षे जगलेल्या एका पित्याची मिरास ठरते. एकाच नावाखाली तीन निरनिराळी भये वावरतात, ह्यावरून इतके कळते की अशा संघटनेला स्वतःचे काम असे फारसे नसते. ती प्रेक्षकाच्या त्या-त्या काळातील भीतीला घातलेला पोशाख असते.

आपल्याकडे ह्याला एक लक्षणीय अपवाद आहे. विक्रमादित्य मोटवाने ह्यांचा ‘भावेश जोशी सुपरहीरो’ हा हिंदी चित्रपट १ जून २०१८ रोजी प्रदर्शित झाला आणि प्रेक्षकांनी त्याकडे पाठ फिरवली. त्याची भाषा हिंदी असली तरी त्याची भूमी, त्याचे नगरसेवक आणि त्याचा नळ हे सर्व मुंबईचे आहे. म्हणून मराठी समीक्षेने त्याला परका मानण्याचे कारण नाही. २०११ च्या भ्रष्टाचारविरोधी आंदोलनाने भारावलेले काही तरुण मित्र कागदी पिशव्यांचे मुखवटे घालून ‘इन्साफ टीव्ही’ नावाने लहानसहान अन्यायांचा पाठपुरावा करतात. पुढे उत्साह ओसरतो. सिकंदर नोकरीत स्थिरावतो आणि पारपत्रासाठी लाच देऊन मोकळा होतो. भावेश मात्र शहराच्या जलवाहिन्यांतून होणाऱ्या चोरीच्या मागे लागतो, देशद्रोही ठरवला जातो आणि मारला जातो. त्याचा मुखवटा मग सिकंदर धारण करतो.

ह्या चित्रपटातील संघटनेला ना चिन्ह आहे, ना गुप्त तळ. तिच्याकडे आहेत पंप, टँकर आणि हुद्दे. पालिकेच्या वाहिनीतील पाणी वळवायचे आणि ज्यांच्या नळाला ते यायचे होते त्यांनाच ते टँकरमधून विकायचे, एवढाच तिचा उद्योग. ही कल्पना जितकी साधी तितकीच समर्पक आहे. मुंबईचे पाणी चोवीस तास वाहत नाही. ते विभागवार, ठरलेल्या वेळी सोडले जाते, आणि ते सोडणारा पालिकेचा कर्मचारी लोकांच्या तोंडी ‘चावीवाला’ असतो. निखिल आनंद ह्यांनी ‘हायड्रॉलिक सिटी’ (२०१७) ह्या ग्रंथात ह्याच चाव्या फिरवणाऱ्यांच्या, अभियंत्यांच्या आणि वस्तीतील पुढाऱ्यांच्या परस्परसंबंधांचा अभ्यास केला आहे. तो वाचून चित्रपटाकडे परतले की एक गोष्ट ध्यानात येते: जेथे पाणी वेळेवर अवलंबून असते, तेथे वेळ ताब्यात असणारा प्रत्येक जण लहानसा सत्ताधीश असतो. त्याला गुन्हेगार होण्यासाठी कोणत्याही टोळीची शपथ घ्यावी लागत नाही. चावी थोडी उशिरा फिरली तरी पुरते. चित्रपटाच्या पूर्वार्धात ही जाणीव आहे, आणि तोच त्याचा उत्तम भाग होय.

ह्या संघटनेच्या शिखरावर राणा नावाचा मंत्री आहे व ती भूमिका निशिकांत कामत ह्यांनी केली आहे. हे केवळ योगायोगाने घडले असेल. परंतु मराठी प्रेक्षकाला त्याचा अर्थ लागल्याशिवाय राहत नाही. कामत हे ‘डोंबिवली फास्ट’ (२००५) ह्या चित्रपटाचे दिग्दर्शक. त्यातील माधव आपटे हा बँकेतील सरळमार्गी नोकरदार शीतपेयाच्या बाटलीमागे जादा आकारलेल्या पैशांवरून भडकतो आणि हाती बॅट घेऊन शहरभर हिंडतो. आपट्यापुढे संघटना अशी नव्हतीच. दुकानदार, शिपाई, अधिकारी असे सुटे सुटे लोक होते, आणि म्हणूनच त्याचा संताप कोठेही पुरा होत नव्हता. तेरा वर्षांनंतरच्या ह्या चित्रपटात ते सुटे लोक एका साखळीत ओवले गेले आहेत.

मात्र येथेच चित्रपटाचा तोल जातो असे मला वाटते. साखळी दाखवून झाल्यावर उत्तरार्ध तिचे एकच टोक धरतो. विजेवर धावणारी दुचाकी, पाठलाग, हाणामारी ह्यांच्या भरात अनेक हातांचे पाप दोन-तीन माणसांच्या माथी मारले जाते. नायकाला मारता येईल असा कोणीतरी हवा, ही ह्या प्रकाराची जुनीच अट आहे. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारालाही ती चुकली नव्हती. परंतु चावीवाल्याला मारून नळाला पाणी येत नाही, आणि मंत्र्याला मारूनही नाही. पूर्वार्धाने हे आपल्याला शिकवलेले असते; उत्तरार्ध ते विसरतो.

दुसरी उणीव अधिक खोल आहे व ती रत्नागिरीत बसून चित्रपट पाहणाऱ्यास अधिक बोचते. ह्या कथानकातील पाणी जणू वाहिनीतच जन्मास येते. वस्तुतः मुंबईला दररोज पुरवले जाणारे सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी बहुतांशी शहराबाहेरून, ठाणे, पालघर व नाशिक जिल्ह्यांतील जलाशयांतून येते. १८९२ मध्ये पूर्ण झालेला तानसा आणि सर्वाधिक पाणी देणारा भातसा, हे दोन्ही शहापूर तालुक्यात आहेत. त्याच तालुक्यातील पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. हे पाणी कोणत्याही टोळीने चोरलेले नाही. ते रीतसर, कागदोपत्री नेलेले आहे. चित्रपटातील टँकर हा चोरीचा माल आहे, शहापूरच्या पाड्यावरील टँकर हा शासनाचा उपकार आहे. आणि दोहोंच्या मागे रिकामा हंडा एकच आहे.

चित्रपट म्हणजे पाटबंधारे खात्याचा अहवाल नव्हे, असा आक्षेप येथे कोणी घेईल. तो रास्त आहे. परंतु गुन्ह्याचा विषय म्हणून पाण्याची निवड चित्रपटाने स्वतः केली आहे; सोने किंवा अफू निवडली असती तर हा प्रश्न उद्भवलाच नसता. सोन्याच्या चोरीत चोर कोण एवढेच विचारावे लागते. पाण्याच्या बाबतीत मालक कोण हेही विचारावे लागते. आपल्या जिल्ह्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, जांभ्यातून तो झिरपून जातो, आणि एप्रिल-मे महिन्यांत वाड्यावाड्यांवर टँकर फिरतात. कोयना प्रकल्पातून पश्चिमेकडे वळवण्यास लवादाने वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट पाण्याची मुभा दिली आहे; ते वीज निर्माण करून वाशिष्ठीत उतरते आणि त्यातील बरेचसे दाभोळच्या खाडीस मिळते. ह्या सर्वांत राणा कोठेच नाही. मुखवटा चढवून सिकंदर पोफळीस आला, तर त्याने कोणाशी झुंजावे?