बडोद्याचे एक बंद दार

ख्रिस्ती धर्मात 'कृपा' या शब्दाला जे स्थान आहे, ते आपल्याकडील पुष्कळ सुशिक्षित वाचकांस ठाऊक आहे. पात्रता पाहून जे मिळते ते वेतन आणि पात्रतेची चौकशी न करता जे मिळते ती कृपा, असा त्या शब्दाचा साधा अर्थ सांगता येईल. घर सोडून गेलेला, सारे धन उधळून बसलेला मुलगा परत येत आहे असे दुरून दिसताच बाप धावत सामोरा जातो आणि मुलाचे क्षमायाचनेचे बोलणे पुरे होण्याच्या आतच त्याला पोटाशी धरतो. येशूने सांगितलेली ही कथा या एका शब्दाचाच विस्तार होय. आपल्या कीर्तनांतून वाळवंटात पोळणाऱ्या अंत्यजाच्या मुलाला कडेवर उचलून घेणारे एकनाथ ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. परंतु कल्पना मान्य असणे निराळे आणि दारावर माणूस उभा असता ती आठवणे निराळे. हा फरक ज्या लेखनात अत्यंत स्पष्टपणे दिसतो, असे एक प्रकरण आपल्या बडोद्याशी निगडित आहे. त्याचे वाङ्मयीन अंगाने परीक्षण करावे, असा या लेखाचा हेतू आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने काही आठवणी इंग्रजीत लिहून ठेवल्या. अंतर्गत पुराव्यावरून त्या 1935–36 च्या सुमारास लिहिल्या गेल्या असाव्यात. 1990 साली त्या पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध झाल्या आणि पुढे महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या समग्र लेखनाच्या बाराव्या खंडात समाविष्ट झाल्या. प्रकरणे अवघी सहा. परदेशीय वाचकाला अस्पृश्यता म्हणजे काय ते कळावे, म्हणून सांगितलेल्या हकीकती. त्यांतील दुसरी हकीकत बडोद्याची आहे.

महाराज सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर आंबेडकर 1913 साली अमेरिकेस कोलंबिया विद्यापीठात गेले. त्या उपकाराची फेड म्हणून संस्थानची नोकरी पत्करण्यासाठी ते 1917 साली बडोद्यास आले. नोकरी मिळाली, पण राहावयास जागा मिळेना. शेवटी पारशांच्या एका धर्मशाळेत, तेथील रखवालदाराच्या संमतीने आणि नोंदवहीत पारशी नाव लिहून, ते राहिले. दिवसा कचेरी आणि रात्री त्या ओसाड इमारतीत कंदिलाच्या उजेडात वाचन, असा क्रम चालला. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले काही पारशी गृहस्थ आले आणि संध्याकाळपर्यंत येथून चालते व्हा, असा हुकूम देऊन गेले.

येथून पुढचा भाग कलेच्या दृष्टीनेही पाहण्यासारखा आहे. लेखक दोन मित्रांची नावे न घेता गोष्ट सांगतो. पहिला मित्र हिंदू. तो सज्जन आहे, झाला प्रकार ऐकून त्याला दुःख होते, संतापही येतो. परंतु तुम्ही माझ्या घरी आलात तर माझे नोकर निघून जातील, एवढे एक वाक्य त्याच्या तोंडून निसटते. लेखक ते वाक्य समजतो आणि आग्रह धरीत नाही. दुसरा मित्र ख्रिस्ती. याने पूर्वी एकदा आपण होऊन घरी राहावयास बोलावले होते. परंतु त्याच्या राहणीशी आपले जमणार नाही म्हणून लेखकानेच ते नाकारले होते. ही गोष्टही लेखक झाकून ठेवीत नाही. आता त्याच्याकडे जावे लागते. उत्तर मिळते की, उद्या पत्नी बडोद्यास येणार आहे, तिला विचारावे लागेल. हे उत्तर मुत्सद्देगिरीचे होते, असे लेखकाला मागाहून कळते. पतिपत्नी मूळची ब्राह्मण कुळातली. धर्मांतरानंतर पती उदार झाला, पत्नी मात्र जुन्या आचारालाच धरून राहिली, असा त्याचा खुलासा.

दुपारचे चार वाजलेले. मुंबईची गाडी रात्री नऊला. मधले पाच तास लेखक कमाठी बागेत, म्हणजेच आजच्या सयाजी बागेत, बसून काढतो. लोकस्मृतीने त्या जागेला 'संकल्पभूमी' असे नाव दिले आहे आणि इतिहासाच्या दृष्टीने ते यथार्थही आहे. परंतु मूळ लेखनात प्रतिज्ञेचा उच्चार नाही. मनाची पोकळी आहे, खेद आहे आणि असहाय मुलाला यावी तशी आईबापांची आठवण आहे. आई लहानपणीच गेलेली. वडील 1913 साली वारलेले.

या हकीकतीचा शेवट वाचकाने दोनदा वाचावा. लेखक धर्मशाळेत परत येतो, सामान खाली आणतो. रखवालदार समोर येतो, पण दोघांच्याही तोंडून शब्द फुटत नाही. आपल्यामुळे या माणसावर प्रसंग आला, असे त्या रखवालदाराला वाटत असल्याचे लेखक सांगतो. तो पैसे चुकते करतो. रखवालदार मुकाट्याने घेतो. लेखक मुकाट्यानेच निरोप घेतो. ज्याला गावाने हाकलले, तो जाता जाता दुसऱ्याच्या मनातील खंत ओळखतो! आणि हे आपले औदार्य आहे, असे सुचविणारे एक विशेषणही तो वापरीत नाही.

समारोपात लेखक जो निष्कर्ष काढतो तो असा की, हिंदूला जो अस्पृश्य तो पारशालाही अस्पृश्यच, हे आपणास प्रथमच कळले. या निष्कर्षात ख्रिस्ती मित्राचा उल्लेख नाही. हे अनवधानाने झाले असेल, असे म्हणावयास मन धजत नाही. आंबेडकरांसारखा कायदेपंडित वाक्यातील शब्द मोजूनच घालतो. मला वाटते, त्या दारासंबंधी त्यांच्याजवळ असलेला पुरावा ऐकीव होता, आणि ऐकीव पुराव्यावर त्यांनी निकाल दिला नाही.

हाच या लेखनाचा गाभा आहे, असे माझे प्रतिपादन आहे. आपण वाचक मात्र निकाल देऊन मोकळे होतो. प्रकरण वाचून झाल्यावर आपला सारा रोष त्या न पाहिलेल्या गृहिणीवर जातो. बाप्तिस्मा घेतला, पण सोवळे सुटले नाही, असे आपण तिच्याविषयी म्हणून टाकतो. परंतु लक्षात घ्यावे की, ती त्या दिवशी बडोद्यात नव्हती. तिला कोणी विचारले नव्हते. तिचा नकार तिच्या तोंडचा नाही. तो पतीने गृहीत धरलेला आणि इतरांनी पुढे सांगितलेला आहे. पहिल्या मित्राने नोकरांचे नाव पुढे केले, दुसऱ्याने पत्नीचे. स्वतःच्या भयाला दुसऱ्याचे नाव देण्याची ही रीत आपल्या घरोघरी आहे. मला काही नाही हो, पण घरातली मंडळी जुन्या वळणाची आहेत, हे वाक्य कोणी ऐकले नाही?

त्या गृहिणीची बाजू आपल्याला कधीच कळणार नाही. परंतु तशाच एका स्त्रीची बाजू मराठी भाषेला लाभली आहे. ना. वा. टिळकांनी 1895 साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्यावर आकाशच कोसळले. त्यांची 'स्मृतिचित्रे' 1934 ते 1936 या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. ज्या घरात त्या जन्मल्या, तेथे 1857 च्या बंडानंतर आलेल्या आपत्तीपासून वडिलांना सोवळ्याने पछाडले होते; मीठसुद्धा धुऊन घेण्यापर्यंत मजल गेली होती. पतीच्या धर्मांतरानंतर काही वर्षे त्या नातेवाइकांच्या आश्रयाने दूर राहिल्या. पुढे पतीजवळ आल्या तरी चूल आणि पाणी वेगळेच ठेवले. आपल्या समजुतीप्रमाणे त्या धर्मच राखीत होत्या.

त्या दिवसांत कोणी त्यांच्या दाराशी आश्रय मागावयास आला असता, आणि त्याने पुढे आठवणी लिहिल्या असत्या, तर लक्ष्मीबाईंचे नाव कर्मठ स्त्री म्हणूनच उरले असते. पण घडले ते निराळे. जातिभेद देवाने केलेला नाही, या निर्णयाला त्या स्वतःच्या विचाराने पोचल्या. शिवाशिव आधी सुटली. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 साली. आणि वृद्धपणी लिहिताना वडिलांच्या सोवळ्यामुळे आईने सोसलेला छळ त्यांनी सांगितला, तो विनोदाच्या अंगाने सांगितला. तो विनोद वडिलांना वाचवीत नाही. घरातल्या बायकामुलांची त्या वेडापायी होणारी दशा त्यात लख्ख दिसते. पण तो वडिलांना टाकूनही देत नाही. एका भेदरलेल्या माणसाचे वेड म्हणून ते आपल्यासमोर येते. कृपा या शब्दाचा साहित्यातील उपयोग विचाराल, तर मी या पानांकडे बोट दाखवीन.

यावर एक रास्त आक्षेप येईल. सर्वांनाच समजून घ्यावयाचे ठरले, तर बडोद्यात दोषी कोणीच नव्हते काय? निवाडा करू नये, हा उपदेश आजवर बहुधा ज्याने दार लावले त्याच्याच सोयीचा ठरला आहे. ज्याला बाहेर काढले त्याला आपण क्षमा शिकवतो आणि ज्याने काढले त्याला काही शिकवीत नाही. ही करुणा नव्हे, हा पक्षपात होय. या बाबतीत आंबेडकरांचे लेखनच मार्ग दाखविते. रूढीविषयी त्यांचा निकाल निःसंदिग्ध आहे. तिला त्यांनी जन्मभर कोणतीही सवलत दिली नाही. माणसाविषयी मात्र ते जेवढे पाहिले तेवढेच सांगतात. चाळीसगावच्या हकीकतीतही तसेच आहे. टांगेवाले अस्पृश्याला नेण्यास तयार होईनात. म्हणून आपल्या माणसांनी स्वतः टांगा हाकला आणि त्यात अपघात झाला. लेखक आपल्या माणसांच्या मानापमानाच्या कल्पनेतील चूक सांगतो. त्यांच्यावर संतापत नाही. रूढीला कठोर आणि माणसाला कोमल, हा क्रम आहे. आपण नेमका तो उलटा करतो. रूढीला 'चालायचेच' म्हणतो आणि माणसाची निंदा करतो.

या नियतकालिकाच्या कोंकणी वाचकांना हा विषय आणखी एका अंगाने जवळचा आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात राहून मराठी ओवीत 'क्रिस्तपुराण' रचले आणि 1616 साली ते राशोलला छापले गेले. दयेचा आणि कृपेचा संदेश त्यांनी आपल्याच भाषेच्या सौंदर्याने सांगितला. त्याच भूमीवर 1560 पासून 1812 पर्यंत धर्मसमीक्षणाचे न्यायासन बसलेले होते. तेथे कृपेचे नाव घेऊन माणसांच्या मनांची झडती चाले. आणि धर्म बदलूनही बामण, चारडो, सुदीर हे भेद ख्रिस्ती समाजात तसेच राहिले. म्हणजे बडोद्याच्या त्या घराची कथा एकट्या घराची नव्हे. शब्द चांगला असला म्हणून तो आपोआप उंबरठा ओलांडीत नाही, हे दोन्ही समाजांनी अनुभवले आहे.

पण येथेही, दुसऱ्याच्या घरातील अंधार दाखवून थांबण्याचा मोह आवरला पाहिजे. त्याच सोळाव्या शतकात देवळे पाडली जाऊ लागली, तेव्हा कुठ्ठाळचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा नदीपलीकडे नेण्यात आली आणि फोंड्याच्या मुलुखात प्रियोळला व कवळ्याला त्यांना थारा मिळाला. तो मुलूख तेव्हा आदिलशाहीत होता. आपले कुलदैवत एके काळी निर्वासित होते, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, सांगावीही. पण ज्यांचे दैवत आश्रय मागत हिंडले, त्यांच्या दाराशी आश्रयार्थी येतो तेव्हा त्याचे कुळ प्रथम विचारले जाते, ही विसंगती आपल्याला बोचत कशी नाही? चोखोबाची समाधी पंढरीच्या महाद्वारासमोर, देवळाच्या बाहेर आहे. त्याच्या जातभाईंना आत पाऊल ठेवता यावे म्हणून साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात तेथे उपोषण करावे लागले. तेव्हा देवाने कोणाला विचारले होते की नाही, ठाऊक नाही. बडव्यांनी मात्र विचारले होते.

कायद्याने ती दारे आता उघडली आहेत. उरली ती खासगी दारे. बडोद्यात, मुंबईत, पुण्यात भाड्याने खोली पाहावयास आलेल्या तरुणाचे आडनाव ऐकून जागा आताच दिली गेली, असे गोड उत्तर देणारा गृहस्थ दुष्ट असतो असे नाही. तो बहुधा देवळात नियमाने जाणारा, प्रसादाला दोन्ही हात पुढे करणारा भाविक असतो. प्रसाद देताना पुजारी त्याचा हिशेब पाहत नाही, म्हणूनच तो प्रसाद असतो. जे आपण रोज ओंजळीत घेतो, ते दुसऱ्याला देताना मात्र आपल्याला त्याची पात्रता पाहावीशी वाटते.

म्हणून बडोद्याची ही हकीकत वाचताना त्या ख्रिस्ती दांपत्याचा निवाडा करण्याचे काम आपले नव्हे, असे मला नम्रपणे सुचवावयाचे आहे. त्या गृहस्थाच्या उत्तरासारखे उत्तर आपण कोणाला, कधी आणि कोणाच्या नावावर दिले, एवढे ज्याने त्याने आठवून पाहावे. निदान पुढच्या खेपेस घरातल्या माणसाचे नाव पुढे करण्यापूर्वी त्या माणसाला खरोखरच विचारून यावे. कुणी सांगावे, आतून 'येऊ द्या' असे उत्तर यावयाचे!