‘म्हणून’ गाळलेली जाहिरात

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री जेवणं झाल्यावर आईने तिचा फोन माझ्यासमोर धरला आणि विचारलं, “यांना कसं कळलं रे, माझे गुडघे दुखतात ते?”

व्यायामाचा एक व्हिडिओ सुरू व्हायच्या आधी जाहिरात लागली होती. जिन्याच्या मधल्या पायरीवर कठडा धरून थांबलेली एक बाई आणि खाली दोन वाक्यं : ‘घरच्यांना सांगितलं नाही? गुडघ्यांना माहीत आहे.’

ही वाक्यं माझी होती. बाणेरमधल्या एका एजन्सीत मी तेव्हा मराठी कॉपी लिहायचो. सांध्यांच्या तपासणीच्या एका पॅकेजसाठी मी अशा चौदा ओळी लिहून दिल्या होत्या, त्यातली ही सातवी की आठवी. कोणासाठी लिहायचं तेही ठरवून आलं होतं : पुणे, महिला, वय ५५च्या पुढे, गुडघ्यांच्या व्यायामाचे व्हिडिओ बघणाऱ्या. या वर्णनात माझी आई बसते, हे लिहिताना मला सुचलं नाही. तिचे गुडघे दुखतात हेच मला ठाऊक नव्हतं. तिने घरच्यांना, म्हणजे मला, सांगितलं नव्हतं.

त्या रात्री आणखी एक गोष्ट लक्षात आली. मी लिहिलेली जाहिरात मी पहिल्यांदाच बघत होतो. ऑफिसात एक्सेलच्या शीटमध्ये ती होती, पण बाहेर ती मला कधी भेटली नव्हती, कारण मी त्या वर्णनात बसत नाही. लक्ष्मी रोडवर दुकानाचा फलक रंगवणाऱ्याला तो फलक येता-जाता दिसायचा. चार लोक त्याखाली उभे राहून काय बोलतात, तेही ऐकू यायचं. माझं लिखाण कोण वाचतंय हे मला फक्त आकड्यांतून कळत होतं.

जाहिरात हा आपण दिवसभरात सगळ्यात जास्त वाचतो तो मजकूर आहे. मग कथा-कवितेला विचारतो ते प्रश्न तिलाही विचारायला हवेत. तिची भाषा कशी आहे? वाचकाला ती काय समजते? मार्केटिंग आणि जनसंपर्कात डेटा आल्यापासून या प्रश्नांची उत्तरं बदलली आहेत. ती कशी बदलली, हे बघायला आधी शंभर वर्षं मागे जाऊ.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला तेव्हा तो कोणी घेईना. लोखंडामुळे जमिनीत विष भिनतं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. माल चांगला होता, गिऱ्हाइकाचा विश्वास नव्हता. पुढे १९२० साली किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक सुरू झालं. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, म्हणजे ‘शंवाकि’, त्याचे संपादक. उद्देश उघड होता : कारखान्याच्या मालाची माहिती लोकांपर्यंत पोचवायची. आजच्या एजन्सीत याला ‘कंटेंट मार्केटिंग’ म्हणतात.

पण ते पत्रक तेवढंच राहिलं नाही. १९२९मध्ये नावातली ‘खबर’ गेली आणि ‘किर्लोस्कर’ हे मराठीतलं एक महत्त्वाचं मासिक झालं. १९३०मध्ये ‘स्त्री’ आलं, १९३४मध्ये ‘मनोहर’. पुढे या मासिकांचा संसार पुण्यात आला. विज्ञान, रूढी, बाईचं जगणं यांवर मराठी घरांत जे वाद झाले, त्यांतले कितीतरी या पानांवरून सुरू झाले.

मला यात शंवाकिंची थोरवी सांगायची नाही, अडचण सांगायची आहे. वाचक कोण आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. तो नांगर घेईल का, त्याच्याकडे जमीन किती, त्याची बायको काय वाचते, काही माहीत नव्हतं. अनोळखी माणसाचं मन वळवायचं तर एकच मार्ग होता : त्याला वाचण्याजोगं काहीतरी द्यायचं. कारणं द्यायची, शंका ओळखून उत्तर द्यायचं, कधी नांगराचं नावही न घेता चार पानं लिहायची. वाचकाबद्दलचं अज्ञान भरून काढायला भाषा राबत होती.

आता उलट झालं आहे. वाचकाबद्दल इतकं कळतं की भाषेला राबावं लागत नाही. आई दुखऱ्या गुडघ्यांसाठी व्यायाम शोधत होती. आजारपण हेरून त्या माणसामागे जाहिरात लावायला गूगलचे नियम मनाई करतात. त्यामुळे आम्ही माणसाचा पाठलाग केला नाही, त्या व्हिडिओंच्या दारात उभे राहिलो. तिथे येणाऱ्या बाईला काय दुखतंय ते आधीच माहीत. ओळ बरी असली काय, बेताची असली काय, निम्मं काम जागेने आणि वेळेने केलेलं असतं.

याचा मजकुरावर काय परिणाम होतो, हे गूगलच्या सर्च जाहिरातीत सगळ्यात स्पष्ट दिसतं. तिथे कॉपीरायटर आता सलग जाहिरात लिहीत नाही. तो जास्तीत जास्त १५ शीर्षकं आणि ४ वर्णनं भरून देतो. शीर्षकाला ३० चिन्हांची मर्यादा, वर्णनाला ९०. त्यातलं कोणतं कोणाला, कोणत्या क्रमाने दाखवायचं ते मशीन ठरवतं. सलग लिहिलेली जुन्या पद्धतीची मजकुरी जाहिरात तिथे २०२२च्या मध्यापासून नव्याने बनवताच येत नाही. एखादं शीर्षक पहिल्याच जागी हवं, असं बजावता येतं, पण तसं केलं की मशीन तुमच्या जाहिरातीचे गुण कमी करतं.

आता लिहिणाऱ्याच्या बाजूने बघा. कोणतंही वाक्य कोणत्याही वाक्याशेजारी बसू शकतं. म्हणजे प्रत्येक वाक्य एकटं उभं राहायला हवं. ‘म्हणून’ने सुरुवात करता येत नाही, कारण आधीचं वाक्य कोणतं असेल ते माहीत नाही. ‘पण’, ‘तरीही’, ‘कारण’, ‘त्याऐवजी’ हे सगळे शब्द धोक्याचे. आमच्याकडे ही सवय मग व्हिडिओंवरच्या ओळींनाही लागली. आईने वाचलेल्या माझ्या ओळीत मुळात मधे ‘पण’ होता. तो काढून प्रश्नचिन्ह टाकलं गेलं, म्हणजे ओळीचे दोन तुकडे सुटे वापरता येतील.

उभयान्वयी अव्यय ही व्याकरणातली क्षुल्लक वस्तू वाटते. पण माणूस माणसाचं मन वळवतो ते याच शब्दांनी. ‘म्हणून’ म्हटलं की बोलणारा जबाबदारी घेतो : हे कारण, हा निष्कर्ष, पटत नसेल तर बोल. ‘म्हणून’ काढला की उरतात सुट्या हाका. आजच उघडा. तुमच्यासाठी खास. शेवटचे दोन दिवस. यांच्याशी वाद घालता येत नाही, कारण त्यांत दावाच नसतो.

पुणेरी पाटी आठवा. विनोद बाजूला ठेवून तिची बांधणी बघा. गेटसमोर गाडी लावल्यास काय होईल, बेल दोनदा वाजवल्यास काय होणार नाही, हे ती सांगते. अट आणि परिणाम. ती गिऱ्हाइकाचं स्वागत करत नाही, त्याला चुचकारत नाही, तरी एक मान नक्की देते : हा माणूस वाक्य शेवटपर्यंत वाचेल आणि त्याचा अर्थ लावेल, असं ती गृहीत धरते. शिवाय ती सगळ्यांना एकच असते. जोशीकाकांना वेगळी आणि कोथरूडच्या कॉलेजकुमाराला वेगळी, असं नसतं.

चितळे बंधूंचं दुकान दुपारी एक ते चार बंद असायचं. त्यावर पुण्याने आणि पुण्याबाहेरच्यांनी जितके विनोद केले, तितकी प्रसिद्धी पैसे मोजून मिळाली नसती. २०१७मध्ये दुकान दुपारीही उघडं राहणार असं ठरलं, तेव्हा त्याची बातमी झाली. ती बातमी झाली, कारण बंद दार सगळ्यांनी पाहिलं होतं. जनसंपर्क या शब्दातला ‘जन’ तो हा. एकच गोष्ट पाहिलेले, तिच्यावर भांडू आणि हसू शकणारे लोक.

यावर माझा एक जुना सहकारी म्हणाला असता की, हे सगळं गतकाळाचं हळवेपण आहे. आकडेमोड काही आज आली नाही. त्याचं म्हणणं खरं आहे. क्लॉड हॉपकिन्स या अमेरिकन जाहिरातकाराने ‘सायंटिफिक अॅडव्हर्टायझिंग’ १९२३मध्ये लिहिलं. कोणत्या जाहिरातीतलं कूपन जास्त लोक कापून पाठवतात, हे मोजून तो मजकूर निवडायचा. मोजणं जुनंच आहे. पण हॉपकिन्सची हरलेली जाहिरातही वर्तमानपत्रात छापलेली असायची आणि ती कोणीही वाचू शकायचं.

तंत्रज्ञान आलं की मजकूर मेलाच, असंही नाही. २०२१च्या दिवाळीत कॅडबरीने ओगिल्व्हीकडून एक मोहीम केली. शाहरुख खानचा चेहरा आणि आवाज मशीन लर्निंगने असा घडवला की तो गल्लीतल्या किराणा दुकानाचं, चपलांच्या दुकानाचं नाव घ्यायचा. दुकानदार स्वतःच्या नावाची आवृत्ती बनवून घेऊ शकायचे. मला ती जाहिरात आवडते, आणि का आवडते याचा मी विचार केला आहे. तिच्यातली युक्ती उघड होती. शाहरुखने एवढी नावं खरोखर घेतली नाहीत, हे बघणाऱ्याला माहीत होतं. दुकानदाराने आपली आवृत्ती गिऱ्हाइकांना पाठवली, गिऱ्हाइकांनी ‘हे बघ, आपल्या कोपऱ्यावरचा!’ म्हणत पुढे ढकलली. वेगवेगळ्या जाहिराती लोकांनी एकमेकांना दाखवल्या, आणि त्या परत सगळ्यांच्या झाल्या. शिवाय त्यात एक ‘म्हणून’ होता : कोविडने छोट्या दुकानांचं कंबरडं मोडलं आहे, म्हणून या दिवाळीत त्यांच्याकडून घ्या.

माझी गुडघ्यांची ओळ कोणीही कोणाला पाठवली नसती. ती एकट्याने, शरमून वाचायची ओळ होती. तशीच ती बेतली होती.

त्या चौदांतली तिसरी ओळ मला पसंत होती : ‘दुखणं वयाचं की सांध्याचं, हे बघितल्याशिवाय कळत नाही. म्हणून आधी तपासा.’ साधी, खरी. ती तिसऱ्या दिवशी बंद झाली, क्लिक कमी होते. जिंकली ती ‘घरच्यांना सांगितलं नाही?’. ती का जिंकली, असं मी मीटिंगमध्ये विचारलं. उत्तरादाखल टक्केवारी दाखवण्यात आली. माझा प्रश्न कोणाला कळला नाही असं नव्हे, तो प्रश्न तिथे लागू नव्हता. मशीनला कारण लागत नाही. समीक्षा कारणापासून सुरू होते. पुढे-मागे कळलं ते एवढंच : तिसरी ओळ वाचकाला माहिती देत होती, सातवी त्याच्या लपवालपवीवर बोट ठेवत होती. बोट ठेवल्यावर माणूस पटकन हलतो.

माझी खरी अडचण इथे आहे. मी या जाहिरातीवर टीका करतोय, पण तुम्ही ती पाहिली नाही. पाहणारही नाही. समीक्षेला निदान दोन माणसांनी वाचलेला एक मजकूर लागतो. भारतात १९८५पासून जाहिरात मानक परिषद आहे. फसव्या जाहिरातीविरुद्ध तिथे कोणीही तक्रार करू शकतं, पण त्यासाठी ती आधी आपल्याला दिसायला हवी. जिच्या दुखण्यावर बोट ठेवलं, ती बाई एकटी आहे आणि ती तक्रार करत नाही. ती क्लिक करते. गूगल आणि मेटा यांनी जाहिराती शोधायची पानं उघडली आहेत, हे चांगलं झालं. तिथे ओळ सापडू शकते. ती माझ्या आईपर्यंत कशी आली, हा रस्ता मात्र तिथे दिसत नाही.

कायदा हळूहळू येतो आहे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार, संमती मागताना द्यायची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय ग्राहकाला द्यावा लागेल. म्हणजे मराठीतही. नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होतील. मराठी गद्याचा हा एक नवा प्रकार लवकरच आपल्या फोनवर येईल. तो कोणी लिहिणार? तुमची कोणती माहिती घेतो, कशासाठी घेतो, हे सांगायला ‘कारण’ आणि ‘म्हणून’ लागतील. ते त्यात असतील का, हे वाचणाऱ्यांनी बघायला हवं. न वाचता ‘सहमत’ दाबायची सवय मलाही आहे.

आईला मी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं. जाहिरातीने काम केलं, हे मान्य करायला हवं. रिक्षात बसल्यावर मी तिला सांगितलं की ती ओळ मी लिहिली होती. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “मग मलाच विचारायचंस की, दुखतंय का म्हणून.”

ती नोकरी मी आता सोडली आहे. मात्र रविवारी दुपारी आम्ही एक करतो. चहा घेताना आपापल्या फोनवर आठवड्यात आलेल्या जाहिराती एकमेकांना दाखवतो. तिला गुडघ्याचे पट्टे, यात्रा कंपन्या आणि सोनं तारण कर्ज. मला केस गळणं, इंग्रजी बोलणं आणि हिंजवडीतले फ्लॅट. एकाच घरात, एकाच वायफायवर. पहिल्या दिवशी आम्ही खूप हसलो. तिसऱ्या रविवारी तिने विचारलं, “सोन्यावर कर्ज मलाच का दाखवतात रे? मला गरज आहे, असं यांना का वाटतं?”

त्या ओळींखालचे तीन ठिपके दाबून आम्ही ढोबळ कारणं वाचली. समाधान झालं नाही. पण प्रश्न आता दोघांचा होता.