‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’चे पहिले पर्व: सामर्थ्य आणि अपराधभाव

‘निकलोडियन’ या अमेरिकी वाहिनीवर २१ फेब्रुवारी २००५ रोजी ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ ही ॲनिमेशन मालिका सुरू झाली. मायकेल दान्ते डिमार्टिनो आणि ब्रायन कोनिएत्झ्को हे तिचे निर्माते. ‘जल’ या नावाचे वीस भागांचे पहिले पर्व त्याच वर्षीच्या डिसेंबरात संपले. पुढील दोन पर्वांसह ६१ भागांची ही मालिका २००८ मध्ये पूर्ण झाली. आज तिची चर्चा बहुधा समग्र कृती म्हणून होते आणि पहिल्या पर्वाकडे नंतरच्या अधिक प्रगल्भ भागांची पूर्वतयारी म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखात या पर्वाचा स्वतंत्रपणे विचार केला आहे. सामर्थ्य लाभलेल्या मुलाच्या अपराधभावाचे असे प्रामाणिक चित्रण बालमालिकांत क्वचितच आढळते. मात्र अखेरच्या दोन भागांत हे पर्व आपणच उभ्या केलेल्या प्रश्नाला बगल देते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

कथानक थोडक्यात असे. वायू, जल, पृथ्वी आणि अग्नी या चार तत्त्वांचे चार समाज आहेत. (आपल्या पंचमहाभूतांतील आकाश येथे नाही.) शरीराच्या हालचालींनी आपापले तत्त्व हवे तसे वळविण्याची विद्या प्रत्येक समाजातील काहींना अवगत असते, चारही तत्त्वांवर प्रभुत्व मिळवू शकतो तो एकटा अवतार. या हालचाली काल्पनिक नाहीत. सिफू किसू या युद्धकलातज्ज्ञाच्या मार्गदर्शनाखाली जलविद्येसाठी ताय ची, तर अग्निविद्येसाठी उत्तर शाओलिन पद्धती वापरली आहे; त्यामुळे येथे द्वंद्वातूनही स्वभावदर्शन घडते. बारा वर्षांचा आंग हा अवतार शंभर वर्षे हिमखंडात गोठून राहिला. त्या काळात अग्निराष्ट्राने युद्ध पुकारून वायुपंथीय भिक्षूंचा निर्वंश केला. कटारा आणि सोका ही दक्षिण ध्रुवावरील भावंडे त्याला बाहेर काढतात आणि जलविद्येच्या गुरूच्या शोधात तिघे उत्तर ध्रुवाकडे निघतात.

मराठी वाचकाला ‘अवतार’ हा शब्द ऐकताच दशावतार आठवणे स्वाभाविक आहे. परंतु आपल्या परंपरेतील अवतार वरून खाली उतरतो. त्याचे कार्य आधीच ठरलेले असते आणि त्याचा विजयही. मालिकेतील अवतार पुनःपुन्हा जन्म घेणारा माणूस आहे. हजारो खेळण्यांमधून बालक आंगने नेमकी पूर्वीच्या अवतारांची चार खेळणी उचलली, यावरून भिक्षूंनी त्याला ओळखले. ही कल्पना पुनर्जन्म घेतलेल्या लामांची ओळख पटविण्याच्या तिबेटी रीतीवरून सुचलेली दिसते. आंगचा गुरू ग्यात्सो याचे नावही तिबेटीच आहे. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण ज्याच्यावर दायित्व लादले गेले आहे असा माणूसच त्यापासून पळू शकतो.

आंग पळालेला आहे. बाराव्या, ‘द स्टॉर्म’ या भागात हे उलगडते आणि माझ्या मते संपूर्ण पर्वाचा कणा हा भाग आहे. (त्याच्या लगतचा, दोन भांडखोर टोळ्यांचा अकरावा भाग जवळपास विसरण्याजोगा आहे.) युद्धाची चाहूल लागल्याने भिक्षूंनी आंगला त्याचे अवतारपण वेळेपूर्वीच सांगितले. सवंगडी त्याला खेळात घेईनासे झाले. ग्यात्सोपासून आपल्याला दूर पाठविणार आहेत हे कानी पडताच तो रात्री निघून गेला आणि वादळात सापडला. गुहेत बसून तो हे कटाराला सांगत असताना, त्याचा पाठलाग करणाऱ्या राजपुत्र झुकोची पूर्वकथा काका आयरो जहाजावरील खलाशांना सांगत असतो. नव्या सैनिकांचा बळी देण्याच्या योजनेला तेरा वर्षांच्या झुकोने भर सभेत विरोध केला. शिक्षा म्हणून त्याला पित्याशीच द्वंद्व करावे लागले. त्याने पित्यावर हात उचलला नाही, म्हणून पित्याने त्याचा चेहरा जाळून त्याला हद्दपार केले. एक मुलगा पळाला म्हणून आणि दुसरा पळाला नाही म्हणून दुःखी आहे. दिग्दर्शक या दोघांना शेजारी ठेवतो आणि तुलना प्रेक्षकावर सोपवतो. भागाच्या शेवटी आंग टप्प्यात दिसत असतानाही झुको जहाज सुरक्षित स्थळी नेण्याचा निर्णय घेतो. त्याविषयी कोणी चकार शब्द काढत नाही.

सोळाव्या, ‘द डेझर्टर’ या भागात हाच विचार पुढे जातो. सैन्य सोडून आलेला अग्निगुरू जाँग जाँग आंगला आधी श्वासावर ताबा मिळवायला सांगतो. उतावळा आंग ज्वाळांशी खेळू लागतो आणि कटाराचे हात भाजतात. जखम पाण्याने भरून येते, पण आंग पुन्हा कधीही अग्नीला न शिवण्याची शपथ घेतो. दोन हात भाजल्याची जबाबदारी जवळपास एक संपूर्ण भाग वाहतो. बालमालिकेत असे गांभीर्य दुर्मीळ आहे.

या पार्श्वभूमीवर उत्तर ध्रुवाच्या वेढ्याचे अखेरचे दोन भाग खटकतात. सेनापती झाओ चंद्राच्या आत्म्याला मारतो. राजकन्या यूए स्वतःचे प्राण देऊन चंद्राला पुन्हा उजळते. हा प्रसंग संयत आहे आणि म्हणूनच हेलावून टाकतो. मात्र त्याआधी समुद्राच्या आत्म्याशी एकरूप झालेला आंग महाकाय रूप धारण करून अग्निराष्ट्राचे आरमार उद्ध्वस्त करतो. त्या जहाजांवर माणसे होती. ग्यात्सोच्या सांगाड्यासमोर कोसळलेला, कटाराच्या पोळलेल्या हातांनी हादरलेला हा अहिंसक भिक्षू शुद्धीवर आल्यानंतर त्या माणसांबद्दल एक वाक्यही बोलत नाही. कृत्य आत्म्याच्या नावे जमा होते आणि विजय आंगच्या. दृश्य भव्य आहे हे मान्य. पण ही भव्यताच प्रेक्षकाला प्रश्न विचारू देत नाही. (वृद्ध गुरू पाक्कू मुलींना युद्धविद्या न शिकविण्याचा नियम मोडतो, तेही कटाराच्या पराक्रमामुळे नव्हे, तर तिच्या गळ्यातील जुना कंठा ओळखल्यामुळे. ही पळवाटही याच जातीची आहे.)

त्याच अखेरीत एक कृती मात्र पर्वाच्या मूळ स्वभावाला जागते, आणि ती प्रतिनायकाची आहे. समुद्राचा आत्मा झाओला ओढून नेत असताना झुको त्याच्यापुढे हात करतो. याच झाओने त्याला ठार मारण्याचा कट रचला होता. झाओ तो हात धरत नाही. आंगचा हिशेब मात्र पुढे ढकलला जातो. २००६ मधील दुसऱ्या पर्वाच्या पहिल्याच भागात त्याला स्वतःच्या क्रुद्ध रूपाची दुःस्वप्ने पडू लागतात.