दुःख, दावण आणि आपली कथा

उतारवयात जवळचे माणूस गेले की समजूत घालणारे पुष्कळ येतात. पण पंधरा दिवसांत त्यांचे येणे थांबते आणि घर रिकामे होते. दावणीला जनावर असेल तर त्याला मात्र रोज पहाटे वैरण टाकावीच लागते. या साध्या गोष्टीतून दुःखी माणसाला आधार कसा मिळतो, हे दि. बा. मोकाशी यांच्या ‘आता आमोद सुनांसि आले’ या कथेइतके खोलवर मराठीत क्वचितच आले असेल.

रामजी लोहार वारकरी आहे. त्याचा तरणा मुलगा गेला आहे. ज्या विठ्ठलासाठी वर्षानुवर्षे पायी चालला, त्याच्याकडेही त्याच्या प्रश्नाला उत्तर नाही. पोथीचे शब्द कानांवर पडतात, आत उतरत नाहीत. अशात गावातली एक गाय अडते. तिला सोडवण्याचे कसब रामजीच्या हातांत आहे. तो जातो, वासरू बाहेर येते आणि त्याच्या मनातली गाठही सुटू लागते. सुमित्रा भावे यांनी याच कथेवर ‘दिठी’ हा चित्रपट केला. भावे २०२१ च्या एप्रिलमध्ये गेल्या आणि पुढच्याच महिन्यात तो प्रेक्षकांपुढे आला. किशोर कदम यांनी त्यात रामजी उभा केला आहे.

कथेचे शीर्षक ज्ञानेश्वरांच्या ‘अमृतानुभवा’तले आहे. सुगंधच नाक झाला, भोगणारा आणि भोग्य वेगळे उरले नाहीत, असा त्याचा आशय. त्यामुळे ही कथा अध्यात्माची म्हणून वाचली जाते. त्यात गैर काही नाही. पण पोथीने जे साधले नाही ते हातांच्या कामाने साधले, ही गोष्ट अशा वाचनात मागे पडते. गाईला रामजीच्या दुःखाची कल्पना नाही. ती त्याची कीव करत नाही, त्याला उपदेश करत नाही. त्याला जे येते तेवढेच ती त्याच्याकडे मागते. मूल गमावलेल्या म्हाताऱ्याला ‘आता आपण कुणाच्या उपयोगाचे?’ हा प्रश्न खात असतो. त्याला इथे उत्तर मिळते.

चेखॉव्हच्या १८८६ सालच्या एका प्रसिद्ध कथेतला म्हातारा गाडीवान योना याच्याशी रामजीची तुलना करण्याजोगी आहे. त्याचाही मुलगा गेला आहे. गाडीत बसणाऱ्या कुणालाही त्याचे ऐकायला सवड नाही. शेवटी तो तबेल्यात घोडीपाशी मन मोकळे करतो. तिथे जनावर ऐकणारे आहे, मोकाशींकडे ते हाक मारणारे आहे. योनाचे दुःख हलके झाले असेल. पण सकाळी तो पुन्हा एकटाच. रामजीची हाक मात्र त्याला माणसांत परत आणते. मोकाशींची कथा मला मोठी वाटते ती यासाठी.

पण या आधाराला किंमत पडते, हे विसरता येत नाही. योनाला त्या दिवशी घोडीच्या दाण्यापुरतीही कमाई झालेली नाही. तिच्यापुढे नुसते गवत आहे. शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांच्या ‘महेश’मधला गफूर आपल्या म्हाताऱ्या बैलाला मुलगा मानतो, पण दुष्काळात मूठभर पेंढ्यासाठी त्याला हात पसरावे लागतात. गोरक्षणाचा उपदेश करणारे तर्करत्न काडीही देत नाहीत. अखेर संतापाच्या भरात गफूरच्याच हातून महेश मरतो आणि मुलगी अमीनाला घेऊन तो रात्रीच गाव सोडतो. माया होती, वैरण नव्हती.

आपल्या मराठवाड्यात हे सहज उमजते. परभणी जिल्ह्यातल्या पेडगावसारख्या गावात कडब्याचा भाव वाढला की दावणीचे जनावर बाजार दाखवते. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणींत माणसांइतकीच जनावरे असतात. पोरे पुण्या-मुंबईकडे गेलेली, मियाँ अल्लाला प्यारे झालेले आणि दोन शेळ्यांच्या मागे दिवस काढणारी एखादी नानी आपल्या मोहल्ल्यांत नवी नाही. लोक तिच्या शेळीकडे दुधासाठी किंवा बकरी ईदला येणाऱ्या किमतीसाठी पाहतात. भल्या पहाटे नानीला अंथरुणातून उठवते ती हीच शेळी, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

आपल्या कथेच्याही ते फारसे ध्यानात आलेले नाही. माझ्या वाचनातल्या मराठी कथांत जनावराजवळ उभा असलेला मुसलमान बहुधा खाटीक असतो, नाहीतर व्यापारी. त्याला गफूरसारखा जीव लावताना दाखवले ते एका बंगाली लेखकाने. मुस्लिम मराठी लेखकांनी तलाक, दंगल, दारिद्र्य यांवर जीव ओतून लिहिले आणि ते आवश्यकच होते. आता या नानीच्या अंगणातही जायला हवे. तिथे जाणाऱ्याने तिचे दुःख किती मोठे हे सांगण्याआधी ती शेळीला पाला कुठून आणते, उन्हाळ्यात पाण्याचे काय करते, हे नीट पाहून घ्यावे. मोकाशींनी रामजीचे हात असेच पाहिले होते.